ओट्यावरचे साखरेचे डॉक्टर

आमचे आबा, रखमाजी, मोबाईलवर आलेल्या एका व्हिडिओच्या बळावर केदारखेड्याचे साखरेचे डॉक्टर झाले. व्हिडिओतला माणूस साखरेच्या आजाराच्या गोळ्या सोडा अन् जांभळाच्या बियांची पूड खा म्हणत होता. त्याच्या गळ्यात डॉक्टरची नळी होती, म्हणून आबांना शंका आली नाही. त्यांनी गोळ्या सोडल्या. मग रोज सकाळी गावातली साखरवाली म्हातारी मंडळी आमच्या ओट्यावर जमू लागली. आबा सांगायचे, मंडळी माना डोलवायची आणि जाताना पुडी न्यायची. घरातल्या मिक्सरवर चटणीचा हक्क उरला नाही.

तेवढ्यात आबांच्या तळपायाला जखम झाली. ती भरेना, उलट काळी पडत चालली. दवाखान्यात चला म्हणालो, तर म्हणाले, एवढ्या लोकांनी माझ्या भरवशावर गोळ्या सोडल्यात, त्यांना काय तोंड दाखवू? जखमेवर मोजा चढला, मोज्यावर बूट. आबा बूट घालूनच झोपू लागले.

वास यायला लागला तेव्हा मी त्यांना हसनाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं आपल्याला कोण ओळखतंय?

रांगेत अख्खा ओटा उभा होता.

कडूबा म्हणाला, मेव्हण्याला भेटायला आल्तो. सोनूबाई म्हणाली, इथला पंखा बरा आहे. आबा म्हणाले, नातवाचा पाय दुखतोय. मी लंगडायला लागलो. सगळ्यांनी मोठ्या मायेनं आम्हाला पुढं घातलं आणि मागोमाग येऊन दार अडवून उभे राहिले.

डॉक्टर मॅडमनी माझा पाय दाबून पाहिला, बोट टोचून साखरही पाहिली. दोन्ही उत्तम. त्यांनी पुढच्याला बोलावलं, पण आबा स्टुलावरून उठेनात. समोर मॅडम, दारात ओटा. शेवटी आबांनी वाकून बूट काढला.

मॅडमनी आधी खिडकी उघडली. मग म्हणाल्या, आजच्या आज जालन्याला न्या, पाय वाचेल का ते तिथंच कळेल.

आबा दाराकडं न बघता म्हणाले, "कडूबा, सगळे गोळ्या सुरू करा. बियांनं काई होत न्हाई."

"आमी सोडल्याच कव्हा? हितूनच तर नेऊन राह्यलो."

"मंग पुड्या कशाला नेत होता?"

"तू एवढा जीव लावून सांगायचा, न्हाई कसं म्हणावं?" कडूबा पायाकडं बघत राहिला. "आमाला वाटलं, तूबी चोरून घेतच असशील."