सैल बूच

मेव्हणा खांद्यावर नळी टाकून तळघरात उतरला तेव्हा पिंपवाला पिंपासमोर पाय रोवून उभा होता. हातात लाकडी हातोडा होता.

वाइनचा कारखाना मेव्हण्याचा, वाइन बनवणारा हात त्याच्या बहिणीचा आणि पिंपं तिच्या नवऱ्याची, म्हणजे या पिंपवाल्याची, अशी वर्षानुवर्षांची वाटणी होती. गेल्या हंगामात द्राक्षं पिळून होतात न होतात तोच बहीण वारली. मागे उरलं ते तिचं एक पिंप.

बाकी सगळी शार्डोने, म्हणजे पांढरी वाइन, मेव्हण्याने स्टीलच्या टाक्यांत आंबवली होती. विकतचं यीस्ट, थंड टाकी. वाइन पाण्यासारखी नितळ निघाली. पिंपवाल्याच्या बायकोला ती पद्धत कधी रुचली नाही. ती रस थेट ओकच्या पिंपात भरायची, वरून काही घालायची नाही, आणि तो आपला आपण आंबायला लागेपर्यंत वाट बघायची. फेसासाठी वर जागा सोडायची आणि बूच नुसतं टेकवून ठेवायची. मधूनमधून वाकडी सळई घालून तळाचा साका ढवळायची. त्या साक्यानेच वाइनला अंग येतं, असं तिचं म्हणणं. पिंप आतून किती शेकायचं हेही तीच सांगायची. नवरा जाळ करायचा आणि ती पिंपात डोकं घालून वास घ्यायची. बाहेर यायची ती नाकाला काजळी लावूनच. ‘तुमचं पिंप गळत नाही आणि तोंडातून शब्द गळत नाही,’ असं म्हणून वर चिडवायची.

तिच्यामागे पिंप शांत झालं. आधी कान लावला की आत चुरचुर ऐकू यायची. थंडी पडली आणि तीही थांबली. मेव्हण्याने तेव्हाच चाखून सांगितलं, की आंबणं अर्ध्यावर अडकलंय, साखर तशीच राहिलीय. आता बाटल्या भरायची वेळ आली होती आणि हे पिंप मोठ्या टाकीत मिसळून टाकावं, असा त्याचा बेत होता. एवढ्या नितळ वाइनमध्ये ते कुठच्या कुठे विरून गेलं असतं.

आणि नेमकं तेच पिंपवाल्याला नको होतं.

“भाऊजी, बाजूला व्हा,” मेव्हणा म्हणाला. “ही वाइन आहे. ताई नाही.”

“तुझ्या ताईला मी पोचवून आलोय. फरक कळतो मला.”

मेव्हण्याने समजुतीच्या सुरात पुष्कळ सांगून पाहिलं. ताई माझीही होती. पण असंच ठेवलं तर व्हिनेगर होईल आणि तिच्याच नावाला बट्टा लागेल. त्यात खोटं काही नव्हतं. वाइनमधलं पिंपवाल्याला पिणाऱ्याइतकंच कळत होतं.

“व्हिनेगर झालं तर व्हिनेगर,” तो म्हणाला. “तिचं असेल ते. तुझ्या टाकीत जाणार नाही.”

“निदान चाखून तरी बघा. नासली असेल तर कशासाठी अडून बसताय?”

एवढं मात्र त्याला नाकारता येईना. त्याने बुचाच्या एका बाजूच्या फळीवर हातोडा मारला. मग दुसऱ्या बाजूला मारला आणि बूच सुटलं ते थेट छतावर आदळलं. मागोमाग फेसाचा लोट उसळला. दोघंही डोक्यापासून भिजले.

मेव्हण्याने तोंडावरचा फेस पुसला. “हे बूच ठोकून कोणी बसवलं?”

सैल बूच पिंपवाल्याला कधी बघवलं नव्हतं. थंडीत मेव्हणा चाखून गेल्यावर एक दिवस तो खाली आला, ते टेकवलेलं बूच दिसलं आणि कापड गुंडाळून त्याने ते घट्ट ठोकून टाकलं. ऊन वाढलं, तळघर उबदार झालं आणि रसातलंच थिजलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागलं. वर वायूला वाट नव्हती.

“मी.”

“पिंप फुटलं असतं, भाऊजी.”

“माझं पिंप फुटत नाही.”

मेव्हण्याला हसू आवरलं नाही. त्याने ग्लास भरला. वाइन गढूळ होती, जिभेला अजून गोड लागत होती आणि काडी ओढल्यासारखा वास येत होता. चवीच्या तळाशी मात्र भाजलेल्या पावाची कड होती, लोणी होतं आणि घोट गिळल्यावर लिंबाच्या सालीसारखा कडवटपणा बराच वेळ रेंगाळत होता. मेव्हण्याने दुसरा घोट घेतला. यंदा बाटल्या भरता येणार नाहीत, तो म्हणाला. पुढच्या वर्षीही सांगता येत नाही. बिघडायचं तर ती अजूनही बिघडू शकते.

“मग थांबू,” पिंपवाला म्हणाला.

बायको गेल्यापासून भिंतीला टेकून राहिलेली सळई त्याने उचलली, धुतली आणि पिंपात घातली. कसं ढवळायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. “तळापर्यंत न्या,” मेव्हणा नळी गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “आणि हळू.”

ढवळून झाल्यावर पिंपवाल्याने बूच दोन बोटांनी नुसतं टेकवलं. कडेने फेस आला आणि फळ्यांवरून ओघळू लागला. मेव्हण्याने फडकं पुढे केलं.

“राहू दे,” पिंपवाला म्हणाला. “गळू दे.”