तुरुंगाचा दाखला

"आजी, तुम्हाला अटक झालेली का कधी? एक दिवस तरी?" साईनाथने विचारले.

"मना कोन अटक करनार?" दगडाबाई ताठ होत म्हणाली. "मी घावलेच नाय!"

"तिथेच तर लोचा आहे ना, आजी."

कोपरीतील माझ्या दुकानात, अर्धवट कोरलेल्या काळ्या शिळेपाशी हे संभाषण चालले होते. साईनाथ स्मारक समितीचा चिटणीस. स्वातंत्र्यास पंचाहत्तर वर्षे झाल्याप्रीत्यर्थ परिसरातील स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरण्याचे काम समितीने मजवर सोपविले होते. यादीत नावे अकरा, अकराही पुरुषांची. बारावे आपले असावे, एवढीच मागणी घेऊन ही शहाण्णव वर्षांची कोळीण शेजारच्या गल्लीतून काठी टेकीत आली होती.

बेचाळीस साली ती सोळा वर्षांची होती. भूमिगतांची पत्रके केळीच्या पानात गुंडाळून मासळीच्या टोपलीत तळाशी ठेवायची आणि आगगाडीने कल्याणला न्यायची, हे तिचे काम. तेथील बंदरावरून दाऊद तांडेल ती आपल्या होडीने पुढे पोहोचवीत असे.

"एकदा शिपाय टोपलीत हात घालाया आला," ती सांगू लागली. "त्याच्या गल्यात तुळशीची माळ. मी बोलले, दादा, अजून भवानी झाली नाय. पयला हात ज्याचा लागंल, पयला वाटा त्यानंच घ्याचा, आमची रीत हाय. घे, बोंबील देऊ का कोलंबी? असा पलाला!"

साईनाथही खदखदून हसला. मग त्याने फाईल उघडली.

"किस्सा भारी आहे, आजी. पण नियम आहे. तुरुंगाचा दाखला पाहिजे. नाहीतर तुरुंगात गेलेल्या दोघांनी लिहून दिलेलं पाहिजे. आपल्या अण्णांनी चार जणांना लिहून दिलेलं. ते कागद आहेत. तुमचा नाही."

अण्णा म्हणजे यादीतील पहिले नाव. त्यांना जाऊन आता वीस वर्षे झाली.

"अन्ना होता तवा गेलते मी त्याच्याकडं," दगडाबाई म्हणाली. "बोलला, तुजं लगीन झालंय, पोरं हायेत, कशाला नाव काढतेस? लोक बोलतील, कोना कोनासंगं फिरायची म्हनून."

तिने काठीचे टोक फाईलकडे वळविले.

"आनि दाऊदचं नाव?"

"त्यांच्याकडून कोणी आलंच नाही."

"तू गेलतास इचाराया?"

साईनाथने फाईल मिटली. "पंधरा ऑगस्टला मात्र यायचं हां, आजी. लुगडं, दागिने, सगळं घालून. पुढच्या रांगेत बसवतो. फोटोत कोळीवाडा दिसला पाहिजे."

मी धीर करून म्हणालो, "साहेब, खाली एका ओळीची जागा शिल्लक आहे."

"अरे धोंडिबा, वेडा का तू? तिथे 'शुभहस्ते' येणार. ते पण मोठ्या अक्षरात. आणि परवा गाडी पाठवतो, रेडी ठेव." एवढे बोलून तो निघून गेला.

मी सातवीपर्यंत शिकलेला मनुष्य आहे. तरीही जो सापडला तो सैनिक आणि जी अखेरपर्यंत सापडली नाही ती कोणीच नव्हे, हा न्याय मला उमगेना. तिचे नाव कोरण्यास मला एक तास पुरला असता. परंतु समितीचे पुढील काम हातचे जाईल, या भयाने माझा हात छिन्नीकडे गेला नाही. ही गोष्ट मी येथे लपवीत नाही.

"वाच," दगडाबाई म्हणाली. "मना कय वाचता येत नाय. वाच नावं."

पहिले नाव अण्णांचे. "पुढलं वाच," ती म्हणाली. दुसरे मोरेश्वर.

"मोरू? त्याला ताप भरलता. तीन दिस आमच्या माल्यावर निजलेला. पेज मी द्याची."

मी तिसरे वाचले.

"हा आयची याद काढून रडायचा."

चौथे.

"ह्याला काटं काढून मासा खाता येत नव्हता. मी काढून द्याची."

अशी अकराही नावे झाली. एकही माणूस तिला परका नव्हता.

"सरली?"

"सरली, आजी."

ती वाकली. पदराचे टोक तिने जिभेने ओले केले, आणि अण्णांच्या नावात अडकलेली दगडाची भुकटी, लहान मुलाचे तोंड पुसावे तशी, हळूहळू पुसून काढली.