चाखणारी

आई गेल्यावर भेटायला आलेल्या बायका एकच गोष्ट सांगत होत्या: गोजरबाईनं भट्टीवर जन्म काढला, पण ग्लास कधी तोंडाला लावला नाही. खरंच होतं ते. पिणाऱ्यांना ती दारात उभं करत नसे.

देवळाली प्रवऱ्याच्या बाहेर, उसाच्या आडोशाला कारभारीची हातभट्टी होती. गुळाचं रसायन उकळलं की नळीतून धार पडायची. ती कडक उतरली की पाणचट, हे आई सांगायची. प्रत्येक डब्यातली थोडी तळहातावर घ्यायची आणि गिळायची. थुंकली तर घशाला कळत नाही, म्हणायची. चाखणं म्हणजे पिणं, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

माझा धाकटा भाऊ भीमा अंगानं लहानखुरा, डोळ्यांनी बारीक. सांगितलेलं पाठ वळेपर्यंत विसरायचा. तो पोटात असताना आईनं ग्रहणात भाजी चिरली होती, म्हणून तो असा, हे घरात ठरून गेलं होतं.

एकाहत्तर साली आईला पुन्हा दिवस गेले. मी श्रीरामपूरला राहून शिकत होते. या वयात आई गरोदर, याचा मला संकोच वाटे. सुट्टीत घरी आले असताना एका दुपारी ती भट्टीवरून परतली, भिंतीला टेकून बसली आणि माझा हात ओढून पोटावर ठेवला.

"काय लागतंय का?"

काहीच लागत नव्हतं.

"सकाळी नाचत हुतं. रोजचंच हाय. मी तिथनं आले की गप हुतं."

बाळ झोपलं असेल, असं मी म्हणाले.

"झोपलं न्हाई. मी झोपवलं." मग अंगणातल्या भीमाकडं बघत ती हळू म्हणाली, "ह्यो तर पोटात हलायचाच न्हाई. मला वाटायचं, गुणाचं लेकरू हाय."

माझ्या तळव्याखाली ती शांतता होती. न दिसणाऱ्या, न बोलणाऱ्या एवढ्याशा जिवानं तिला काही कळवलं होतं, आणि तिनं ते ऐकलं होतं. मला हात काढवेना.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर भट्टीवर गेले. यापुढं चाखणार नाही, असं तिनं सांगितलं. कारभारी हसला. चार थेंबांनी गोजरे तू दारुडी झालीस व्हय, म्हणाला.

"मी न्हाई पीत, कारभारी. ते पितंय."



चाखणं सुटलं आणि तिचे हात कापू लागले. अंगाला घाम फुटायचा, भाकरी तव्यावर नीट पडेना. चुलीपाशी बसून ती आपले हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे बघत राहिली. भीमाला वाटलं, थंडी वाजतेय. त्यानं ते दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.

आधीचे महिने तर निघून गेले होते. त्यांनी आत काय केलं असेल, हे कुणाला सांगता येणार नव्हतं. एका संध्याकाळी आतून लाथ बसली. आई हसली नाही. श्वास रोखून पुढच्या लाथेची वाट बघत राहिली.

मुलगी झाली, वजनानं बेताचीच. पण असं रडली की शेजारची माणसं दारात आली. रंगुबाई सुईणीनं तिला उगी करायला मधाचं बोट पुढं केलं. आईनं पडल्यापडल्या तो हात अडवला.

"रडू द्या. कुनी गप करू नका तिला."