शाईनं लिहिलेली अकरा पानं

मित्रांनो, माझ्या पाठीवरून हात जरा हळू फिरवा. तिथून दोनदा दाभण गेलेलं आहे. मी एका कडेनं करपलेलं जुनं पुस्तक आहे. पुठ्ठ्यावर जो तपकिरी डाग दिसतो, तो चहाचा नाही, रक्ताचा आहे. कुणाचं ते सांगतो.

माझा जन्मच मारातून झाला. नागपूरच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे माझ्या अंगावर दाबले गेले. मग घड्या घातल्या, हातोडीनं ठोकलं, पाठीला भोकं पाडून दोरा ओवला आणि कडा सुऱ्यानं छाटल्या. एवढं सोसल्यावर मला नाव मिळालं, ‘काळ्या भोवऱ्यापलीकडे’.

माझ्या पोटात एकेचाळीस प्रकरणांचा समुद्र आहे. हैबत तांडेल आणि त्याचा धाकटा भाऊ मानाजी गलबत घेऊन निघतात. बोलणाऱ्या शंखांचं बेट, उकळणारं पाणी, आठ सोंडांचा करालमत्स्य असं सगळं त्यांना वाटेत भेटतं. मानाजी कुऱ्हाडीनं एकेक सोंड तोडतो. तुटलेली सोंड डेकवर सापासारखी वळवळते आणि पाणी लाल होतं. मुलं तिथं आली की पान उलटायला बोट ओलं करायचंसुद्धा विसरायची.

मी जिथं पोचलो त्या जबलपूरला समुद्र कुठला? म्हणून तर माझी ओढ जास्त. नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती तेव्हा अंबादास आणि मुरलीधर या दोन भावांसाठी त्यांच्या वडिलांनी मला आणलं. अंबादास मोठ्यानं वाचायचा आणि मुरलीधर ऐकायचा. मग दोघं मदन महलच्या टेकडीवर जायचे. तिथले हत्तीएवढे काळे दगड म्हणजे त्यांचं गलबत. काठ्यांनी लढायचे, एकमेकांची डोकी फोडायचे आणि हसत घरी यायचे.

पुढं राज्यं वेगळी झाली. अंबादास तोफगोळ्यांच्या कारखान्यात लागला आणि त्याचा संसार झाला. मुरलीधरनं मात्र माझं वेड सोडलं नाही. एके दिवशी तो मुंबईला गेला, बोटीवर चढला आणि परत आला नाही. दोन पत्रं आली, मग तीही थांबली. अंबादासनं मला पत्र्याच्या ट्रंकेत टाकलं आणि वरून जाडजूड घोंगडं दाबलं.

“ह्या पुस्तकानं माझा भाऊ नेला,” तो म्हणाला. “याचं नाव घरात काढायचं नाही.”

मी सात वर्षं अंधारात होतो. मित्रांनो, सुरी सोसते, पण घोंगड्याखालची कुबट हवा सोसत नाही.

मला बाहेर काढलं अंबादासच्या लेकीनं, सुनेत्रानं. ती अकरा वर्षांची होती. तिच्या आईला, इंदिराबाईंना, अक्षरओळख नव्हती. त्यांनी त्या चातुर्मासात नेम धरला होता, की रोज देवापुढं एक अध्याय कानावर पडल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही. वाचायची सुनेत्रा. पोथी कसरीनं खाल्लेली, अक्षरं पुसट. दुसऱ्यांदा संपून तिसऱ्यांदा सुरू झाली तेव्हा पोरीचा धीर सुटला. तिनं पोथीच्या लाल बासनात मला बांधलं आणि चौरंगावर ठेवलं.

इंदिराबाईंनी आंघोळ करून मला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि हात जोडून बसल्या. माझी तर पानं थरथरली. इतकी मारकाट पोटात असलेल्या पुस्तकाची पूजा कुणी केली असेल?

पहिल्याच दिवशी वादळ झालं. दुसऱ्या दिवशी गलबताचं शीड फाटलं. तिसऱ्या दिवशी इंदिराबाईंनी मधेच विचारलं, “हा कोणता अध्याय गं?”

“समुद्रमंथनाच्या पुढचा,” सुनेत्रा म्हणाली आणि तिनं मान खाली घातली.

“अच्छा. वाच मग. हळू वाच.”

शेजारच्या क्वार्टरमधल्या सत्यभामाबाईही वाती वळत ऐकायला बसू लागल्या. करालमत्स्याची सोंड तुटली की त्या टाळी वाजवायच्या. “बरा तोडला मेल्याला! अजून किती हात आहेत त्याचे?”

“पाच, मावशी.”

“उद्या दोन तरी तोड बाई. माझा जीव लागून राहिला.”

असे चाळीस दिवस गेले. दुपारच्या या वाचनाच्या वेळी अंबादास कारखान्यात असायचा आणि सुटीच्या दिवशीही देवापुढं फिरकत नसे. एकच प्रकरण उरलं, शेवटचं. सुनेत्रानं ते आधी चोरून वाचलं नव्हतं. नेमाचं वाचन आहे, त्याच्या दिवशीच वाचायचं, एवढं ती पाळत होती. त्या दिवशी अंबादास कारखान्यातून दुपारीच परतला. अंगणात सत्यभामाबाई भेटल्या.

“अंबादासजी, काय पोथी वाचते तुमची पोर! काल त्या मानाजीनं राक्षसाचा शेवटचा हात तोडला. आज भोवरा आहे म्हणे.”

अंबादासचा चेहरा पांढरा पडला. मानाजी! हे नाव त्यानं किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

तो चपलांसकट देवापुढं आला. इंदिराबाईंचा स्वयंपाक झाला होता, बाजूला शेगडी धगधगत होती आणि सुनेत्रानं नुकतं बासन सोडलं होतं.

“काय वाचून राहिली तू?”

“पोथी, बाबा.”

पहिली थप्पड तिच्या तोंडावर बसली. ओठ फुटला आणि रक्त माझ्या पुठ्ठ्यावर सांडलं. हाच तो डाग. दुसऱ्या झटक्यात त्यानं मला पुठ्ठ्याला धरून उचललं आणि भिंतीवर आपटलं. माझी पाठ कडकन फाटली. मी जमिनीवर पडलो तर त्यानं मला लाथेनं उडवलं, गुडघ्याखाली दाबलं आणि शेवटची पानं मुठीत धरून ओढली. दोरा तुटताना जो आवाज होतो, तो फक्त पुस्तकालाच ऐकू येतो. ती पानं त्यानं शेगडीत कोंबली आणि मलाही वर धरलं. माझी कड पेटली.

“बाबा, नका! शेवटचं राहिलं आहे!” सुनेत्रा ओरडली आणि तिनं उजवा हात सरळ निखाऱ्यात घातला.

त्या किंकाळीनं सत्यभामाबाई दारात धावत आल्या. इंदिराबाईंनी आयुष्यात आवाज चढवला नव्हता. त्या उठल्या, देवापुढचा भरलेला कलश उचलला आणि शेगडीवर ओतला. राख घरभर उडाली. मग त्यांनी तो रिकामा कलश नवऱ्याच्या मनगटावर एवढ्या जोरानं मारला, की मी त्याच्या हातातून सुटलो.

पोरीच्या तळव्याची कातडी निघाली होती. सत्यभामाबाई तिला घेऊन रिक्षानं नेपियर टाउनच्या डॉक्टरकडे गेल्या.

“तुला फसवलं तिनं,” अंबादास मनगट चोळत म्हणाला. “देवाच्या बासनात हे बांधलं. तुझा नेम मोडला.”

“मला तिसऱ्याच दिवशी कळलं,” इंदिराबाई म्हणाल्या. “पोथीत शीड आणि सुकाणू असतात काय? पण लेकरू देवापुढं बसून वाचत होतं, मी हात जोडून ऐकत होते. कोणता अध्याय कानावर घालायचा ते देवाचं देवानं ठरवलं. नेम माझा मोडला नव्हता जी. तो तुम्ही मोडला.”

“काहून धरला होता असला नेम?”

“मुरलीधर भावजी सुखरूप घरी यावे म्हणून.”

इंदिराबाईंनी वाढलेलं ताट झाकून ठेवलं. देवानं कानावर घातलेल्या गोष्टीचंच शेवटचं प्रकरण ऐकल्याशिवाय घास नाही.

तो दिवस त्यांनी पाण्यावर काढला. दुसराही. नवऱ्याचा डबा भरून दिला, पोरीच्या हाताची पट्टी बदलली, देवाला नैवेद्य दाखवला, पण स्वतः काही घेतलं नाही. अंबादासनं दूध पुढं केलं, त्यांनी पेला परत सरकवला. “बाबा, मी काहीतरी रचून सांगते,” सुनेत्रा रडत म्हणाली. इंदिराबाई म्हणाल्या, “रचलेलं नको बेटा. जे आहे ते पाहिजे.”

नागपुरात तरी माझी दुसरी प्रत मिळेल का, हे कोण सांगणार? तिथं जाऊन यायला दोन दिवस लागले असते, आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, इंदिराबाई देवापुढं वाकल्या त्या उठल्याच नाहीत. अंबादासनं त्यांना उचलून भिंतीला टेकवून बसवलं. तो स्वतः आंघोळ करून आला आणि पोथी वाचायला बसतात तसा मांडी घालून बसला. समोर मी होतो, अर्धा, फाटका. त्यानं डोळे मिटले.

“प्रकरण एकेचाळिसावं,” तो म्हणाला.

मित्रांनो, त्याला शब्दन् शब्द पाठ होता! लहानपणी धाकट्या भावाला शंभरदा वाचून दाखवलेलं कुठं जातं? काळा भोवरा गलबताला ओढत होता. डोलकाठी मोडली, तिच्याखाली दोन खलाशी चिरडले. सुकाणूत दोर अडकला. हैबतचे हात रक्तानं भरले. दोर तोडायला मानाजी कुऱ्हाड दातात धरून पाण्यात उतरला. दोर तुटला, गलबत सुटलं. हैबतनं मागं वळून पाहिलं...

इथं अंबादास थांबला. मला पुढचं वाक्य ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. ते असं छापलेलं होतं, की पाण्यावर फक्त कुऱ्हाडीचा दांडा तरंगत होता.

“...आणि मानाजीनं दांडा धरलेला होता,” अंबादास म्हणाला. “हैबतनं त्याला केसाला धरून वर ओढलं. दोन सणसणीत थपडा मारल्या. मग पोटाशी धरलं. दोघं घरी आले. दार उघडंच होतं.”

इंदिराबाईंनी हात जोडले. सुनेत्रानं डाव्या हातानं ताट पुढं सरकवलं. त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा अंबादास भिंतीकडे तोंड करून बसला होता.

पोरीचा उजवा हात त्यानंच निकामी केला होता, म्हणून ती पानं त्यालाच लिहावी लागली. कारखान्याच्या रजिस्टरात लिहायचा तशा उभ्या, करकरीत अक्षरांत त्यानं अकरा पानं निळ्या शाईनं लिहिली. नेपियर टाउनच्या बाइंडरनं पुन्हा माझ्या पाठीतून दाभण घातलं आणि ती शिवली.

मुरलीधर आला का? नाही आला. पण दर चातुर्मासात शेवटच्या दिवशी ती अकरा पानं अंबादास स्वतः वाचायचा, आणि त्या दिवशी दार उघडं ठेवायचा. सुनेत्राचा तळवा बरा झाला, पण मूठ कधी पूर्ण मिटली नाही. आता तिचे केस पांढरे झाले आहेत आणि ती तुमच्यासारख्या मुलांना मला वाचून दाखवते. शाईच्या पानांवर आली की तिचा आवाज बापासारखा होतो. छापलेला शेवट तिला कुणी सांगितलेला नाही. मीही सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका.

पुस्तक पडलं तर उचला, फाटलं तर शिवून घ्या. आणि कुणाला गोष्ट ऐकवायला बसलात तर ती पुरी करून उठा. ऐकणारं माणूस कदाचित अजून जेवलेलं नसेल.