बिनमिठाचा भात

सुभद्रेच्या काळजातली एक झडप खराब झाली आहे, हे मोठ्या दवाखान्यात कळलं तेव्हा तिची मुलगी गोपिका दहा वर्षांची होती. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, तो अंगावर काढला, त्यानं आत घर केलं, असं डॉक्टरांनी गोपिकाच्या बाबांना, मनोहररावांना, समजावून सांगितलं. पाण्याची बादली उचलायची नाही, स्टोव्हपुढं बसायचं नाही आणि मीठ बंद. अंगावर सूज चढते ती मिठानं, असं डॉक्टर दोनदा म्हणाले.

सक्करदऱ्याला त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. मनोहररावांनी समोरच्या खोलीत खाट टाकली, ती अशी की सुभद्रेचं डोकं स्वयंपाकघराच्या दारापाशी येई. तिथून स्टोव्ह दिसत नव्हता, पण ऐकू सगळं यायचं. आणि तिथूनच सुभद्रेनं पोरीला स्वयंपाक शिकवायला घेतला.

"मोहरी टाकली का वं?"

"टाकली."

"खोटं नको बोलू. आवाज नाही आला मले. तेल तापू दे आधी."

गोपिका पळी घेऊन उभी राही. तेल तापे, मोहरी तडतडे, आणि खाटेवरून आवाज येई, "हां, आता जिरं. आता हळद. पटकन, नाहीतर करपते." कांदा परतताना आई म्हणे, "डोळ्यानं नको पाहू, वासानं पाह्य. कच्चा वास गेला का समज झाला." भाकरी थापताना तर ती नुसत्या आवाजावरून सांगायची, की आता कड पातळ झाली, आता उचल. वरण, झुणका, वांग्याची भाजी, कढी. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडताना कोवळ्या काड्या फेकायच्या नाहीत. जवसाची चटणी कुटताना वर हात ठेवायचा. सहा महिन्यांत पोरगी हाताखाली यावी तशी तयार झाली. आईचा भात आणि आईचं वरण वेगळ्या छोट्या पातेल्यात, बिनमिठाचं. ते पहिल्यांदा काढायचं, मग बाकीच्यात मीठ, हा नियम तिनं कधी मोडला नाही.

दिवाळीच्या आधी मनोहररावांनी टीव्ही आणला. मोजणीच्या कचेरीत ते कारकून होते, कधी कोणत्या गोष्टीची हौस केलेला माणूस नव्हे. पण दिवसभर बाई आढ्याकडं पाहत पडते, हे त्यांना बघवेना. काळापांढरा टीव्ही, त्याला लाकडाचं सरकणारं दार. अँटेना कौलांवर चढवायला शेजारचे नत्थूजी वर गेले, मनोहरराव अंगणात उभे राहिले आणि गोपिका खिडकीत.

"आलं का?"

"मुंग्या आहेत नुसत्या!"

"आता?"

"आलं, आलं! गेलं!"

सुभद्रा खाटेवर हसता हसता दमली. तिला पाणी पाजावं लागलं.

त्या टीव्हीनं घराला संध्याकाळ दिली. बुधवारी गाणी, रविवारी हिंदी सिनेमा. बाकीच्या दिवशी शेतीचा कार्यक्रम लागला तरी सुभद्रा तो पाही. ती शेतकऱ्याची लेक, भुईमुगावरची कीड पाहून तिला माहेर आठवे. गोपिका लवकर लवकर स्वयंपाक उरकून ताट मांडीवर घेई आणि खाटेला पाठ टेकून खाली बसे. आईचा हात तिच्या केसांत फिरत राही. चित्र मधेच थांबून खेद व्यक्त करणारी पाटी आली, तरी दोघी ती पाटीही पाहत बसत. पुढं आयुष्यात गोपिकाला सुख म्हटलं की दुसरं काही आठवलं नाही.

फाल्गुनात एक दिवस शाळा लवकर सुटली. गोपिका दारात चपला काढत होती आणि आत यमुताई बोलत होत्या. यमुताई पलीकडच्या खोलीत एकट्या राहायच्या, दुपारी सुभद्रेजवळ येऊन बसायच्या.

"पोट्टी हुशार निघाली तुही," यमुताई म्हणाल्या.

"हाव नं. आता होळीले पुरणपोळी तेवढी शिकवायची राहिली," आईचा आवाज आला. "ते एक आलं तिले, का मी मोकळी. मंग मले कशाची चिंता नाही. बापलेक उपाशी तर नाही राहणार."

गोपिका दारातच थांबली. आपण भराभर शिकत होतो ते आईला आराम मिळावा म्हणून. आई शिकवत होती ते दुसऱ्याच कशासाठी. मोकळी म्हणजे काय, हे अकरा वर्षांच्या पोरीला कोणी फोडून सांगावं लागलं नाही. तिनं चपला परत घातल्या, कोपऱ्यावरच्या हापशीपर्यंत गेली आणि बराच वेळ तिथं उभी राहून घरी आली.

दुसऱ्या दिवसापासून तिचा स्वयंपाक बिघडू लागला.

आधी भाजी तळाला लागली. मग कणीक इतकी घट्ट भिजली की पोळी चावेना. वरणाला फोडणीच नाही. खाटेवरून आई सांगायची, "झालं, उतरव," आणि गोपिका मुद्दाम उतरवायची नाही. करपल्याचा वास समोरच्या खोलीत जाईपर्यंत ती भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. तिचा हिशेब साधा होता. आपल्याला येत नाही तोवर आईला जाता येणार नाही.

मनोहरराव मुकाट्यानं खायचे. चौथ्या दिवशी त्यांनी ताट सरकवलं. "हे काय करून राहिली तू? ध्यान कुठी आहे तुहं?"

यमुताई दारातच होत्या. "ध्यान त्या टीव्हीत, आणखी कुठी!" त्या म्हणाल्या.

मनोहररावांनी उठून टीव्हीचं लाकडी दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. परीक्षा होईपर्यंत बंद, असं म्हणाले. सुभद्रा खाटेवरून एवढंच बोलली, "माह्या टीव्हीनं काय केलं हो?" तो आठवडा ती पुन्हा आढ्याकडं पाहत पडून राहिली. गोपिकाला ते दिसत होतं. तरी ती थांबली नाही. थांबली असती तर पुरणपोळी आली असती.

बुधवारी आईनं गोळाभात सांगितला. भरड डाळीच्या पिठाचे गोळे अर्ध्या शिजलेल्या भातात ठेवायचे, झाकण घालून वाफ आणायची, वरून हिंगाचं तेल. मनोहररावांचा आवडता. गोपिकानं आईचं छोटं पातेलं आधी वेगळं केलं. मग मोठ्या पातेल्यात मूठभर मीठ टाकलं आणि नळाला पाणी आलं म्हणून घागर घेऊन बाहेर गेली.

परत आली तेव्हा खाट रिकामी होती. आई स्वयंपाकघरात, फरशीवर, भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात ताट. मोठ्या पातेल्यातला भात आणि छोट्या पातेल्यातला बिनमिठाचा भात तिनं एकत्र कालवला होता, गोळे कुस्करले होते, वर तेल घेतलं होतं आणि ती जेवत होती. अशी जेवत होती, की गोपिकानं तिला वर्षभरात तसं जेवताना पाहिलं नव्हतं.

"आई! नको! त्यात मीठ आहे!"

"मले समजते." आईनं पुढचा घास घेतला. "दोन्ही मिसळलं का बरोबर होते चव. फेकायचं काम नाही. तुह्या बाबाले असाच वाढ."

गोपिका घागरीसकट दारात उभी. पाणी हिंदकळून तिच्या पायांवर पडत होतं.

"मुद्दाम करून राहिली नं तू?" आईनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

पोरीनं मान डोलावली.

"काहून?"

"तू मोकळी होशील म्हणून."

सुभद्रेचा हात ताटातच राहिला. यमुताईशी बोललेलं पोरीनं ऐकलं, हे तिच्या ध्यानात यायला एक क्षणच लागला. तिनं उष्टा हात ताटात धुतला, पदराला पुसला आणि पोरीला जवळ ओढलं. आईची छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. गोपिकाच्या कानाला ती धडधड ऐकू येत होती, तिच्यात मधेच एक ठोका चुकत होता.

"नाही शिकवत पुरणपोळी," आई म्हणाली. "जाय. यंदा नाही, पुढच्या वर्षी पाहू. झालं आता?"

मनोहरराव आल्यावर त्यांनी भात खाल्ला आणि बरा झाला म्हणाले. सुभद्रेनं त्यांच्याकडून टीव्हीची किल्ली मागून घेतली. त्या रात्रीची गाणी निघून गेली होती, पण रविवारचा सिनेमा तिघांनी मिळून पाहिला. सिनेमा चालू असतानाच आईनं पाय उशीवर घेतले. गोपिकाचा हात सहज तिच्या घोट्यावर पडला. बोट दाबलं तिथं खड्डा पडला आणि तो भरून आला नाही.

सोमवारी सुभद्रेला आडवं होऊन श्वास घेता येईना. दवाखान्यात नेलं. होळी तिथंच गेली. नवव्या दिवशी सकाळी, वॉर्डात चहा वाटत होते त्या वेळी ती गेली.

घरात माणसं जमली, उठली, बसली. गोपिका कोणाजवळ रडली नाही. तिनं सगळ्यांसाठी चहा केला, पिठलं केलं, आणि मीठ घालायची वेळ आली की डबा दुसऱ्या बाईपुढं केला. बायका म्हणत, "केवढी शहाणी पोर आहे माय!" तशी ती आणखी आत आत जाई.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी कन्हानहून आलेली शामलाआत्या, मनोहररावांची थोरली बहीण, पोरीला म्हणाली, "चालतं का माह्यासंगं? तिकडं शाळा आहे, माही नर्मदा आहे तुह्या बरोबरीची."

"येते," गोपिका लगेच म्हणाली आणि कपडे घडी करायला लागली.

मनोहरराव चकित झाले. त्यांना वाटलं होतं पोर रडेल, नाही म्हणेल. ते तिच्याजवळ जाऊन बसले. "तुले जायचं आहे? मले टाकून?"

ती कपडे घडी करत राहिली.

"काय झालं, सांग नं मले."

मग तिनं सांगितलं. दारातून ऐकलेलं, करपवलेल्या भाज्या, मूठभर मीठ, आई फरशीवर बसून जेवली ते, घोट्यावरचा खड्डा. "मी मारलं आईले," ती म्हणाली. "तुम्ही जेवाल माह्या हातचं?"

शामलाआत्या दारात आली होती, तिला मनोहररावांनी हातानंच परत जायला सांगितलं.

"डॉक्टरनं मले संक्रांतीलेच सांगितलं होतं," ते म्हणाले. "उन्हाळा नाही काढत म्हणून. तिले माहीत होतं. मले माहीत होतं. तुले नाही सांगितलं." मग ते थांबले. "आणि मीठ म्हणशील, तर ते मी बी दिलं. दर रविवारी, तू पाण्याले गेली का. आंब्याच्या लोणच्याची एक फोड. लहान पोरीवाणी हात पुढं करे ती. मले नाही म्हणता नाही आलं."

एवढं बोलून त्यांनी तोंडावर उपरणं घेतलं. गोपिकानं आपल्या बापाला रडताना पहिल्यांदाच पाहिलं. काय करावं तिला समजेना. ती उठून त्यांच्या पाठीशी उभी राहिली, आणि मग तेरा दिवसांचं तिचंही सगळं बाहेर आलं.

आत्या दुसऱ्या दिवशी एकटीच कन्हानच्या बसमध्ये चढली.

बापलेक पुढं त्या दोन खोल्यांतच राहिले. बाबांनी भाकरी थापायला शिकून घेतली, सकाळची त्यांची, संध्याकाळची तिची. डॉक्टर संक्रांतीला खरंच तसं म्हणाले होते का, लोणच्याची फोड खरंच दिली होती का, की पोरीच्या मनावरचं ओझं अर्धं आपल्या खांद्यावर घेण्यासाठी त्या भोळ्या माणसानं तेवढं रचलं, हे गोपिकाच्या मनात मोठेपणी पुष्कळदा आलं. मनोहरराव त्यानंतर एकवीस वर्षं जगले. तिनं त्यांना ते कधी विचारलं नाही.