आरामाचा वार

काचवालीला जिममध्ये पहिल्या दिवशी कुणी विचारलं असतं, की बाई गं, तुला नक्की हवंय तरी काय, तर तिने खरं सांगितलं नसतं. "खांदा बरा व्हायला हवा," एवढंच ती म्हणाली. खांदा हवा होताच म्हणा. पण कशासाठी हवा होता, ते सांगितलं असतं तर तिथली पोरं पोट धरधरून हसली असती. तिला नवऱ्याचं बोलणं ऐकायचं होतं.

आता नवरा काही मुका नव्हता, बरं का. पण घरात त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दातच काढण्यासारखं होतं. "चहा." "पंखा." "झोपतो." झालं, संपला दिवस. सासू होती तेव्हा म्हणायची, "याच्या तोंडाला कुलूप लावूनच मी याला जन्माला घातलं, आणि किल्ली कुठे ठेवली ते आठवतच नाही बघ." सासू बिचारी किल्ली न सापडताच गेली. काचवालीला मात्र ती लग्नानंतर थोड्याच दिवसांत सापडली होती. काच उचलली की हा माणूस बोलायचा.

त्यांच्या दुकानात काच न्यायची पद्धत सासऱ्यांपासूनची. बाकीचे काचवाले पुढे-मागे एकाच दिशेला तोंड करून चालतात. यांच्याकडे काच मधे उभी धरायची, दोन टोकांना दोघं, आणि तोंडं समोरासमोर. सासऱ्यांचं म्हणणं असं, की जोडीदाराचा चेहरा दिसला की त्याचा हात कधी सुटणार ते आधी कळतं. म्हणजे मग एकाने सरळ चालायचं आणि दुसऱ्याने उलटं. उलटं चालणाऱ्याला पाठीला डोळे थोडेच असतात? समोरचा सांगेल तेच त्याचे डोळे.

काचवाली पहिल्यापासून उलटी चालत आली. आणि समोरून तो बोलत राहायचा. "हळू. आता पायरी. अजून एक. शाब्बास. डावीकडे कुत्रं झोपलंय, त्याला झोपू दे. उंबरठा आला, पाय उचल, राणी." राणी! घरात त्याने तिला या नावाने एकदाही हाक मारली नव्हती. भर रस्त्यात आपण हे म्हणतो, याचा त्याला पत्ताही नसावा. तिनेही कधी विषय काढला नाही. काढला असता तर लाजून म्हणायचाच थांबला असता मेला.

एवढी वर्षं त्यांनी इतक्या काचा वाहिल्या, एकीला ओरखडा नाही. पडली ती काचवालीच. दुकानातल्या शिडीवर चढून बल्ब बदलत होती, शिडी सरकली, आणि उजव्या खांद्यातली शीर का काय ती तुटली. ऑपरेशन झालं. हात गळ्यात बांधून ती घरी बसली, आणि नवऱ्याने कामाला पहिलवान ठेवला. हा पहिलवान कुस्ती खेळायचा की नाही देव जाणे, पण मान अशी जाड, की सदऱ्याचं वरचं बटण कधी लागलंच नसेल.

झालं. तिचा जीव खालीवर व्हायला लागला. घरात बसून भाजी निवडताना तिला दिसायचं, की पहिलवान उलटा चालतोय आणि समोरून नवरा सांगतोय, हळू, पायरी, शाब्बास. राणी तर म्हणणार नाही म्हणा. पण शाब्बास? कुणाच्या नवऱ्याच्या मागे बाई लागते, कुणाच्या मागे बाटली. हिच्या नशिबी हा जाड मानेचा पुरुष आला होता. सांगायचं कुणाला आणि रडायचं कुणापाशी?

एकदा जेवताना तिने धीर करून विचारलं, "कसा आहे हो तुमचा पहिलवान?"

"बरा."

"चालतो नीट?"

"काच पोचते," तो म्हणाला आणि ताक ओतून घेतलं. तिने ताट बाजूला सारलं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, जखम भरली, आता ताकद आणायची, जिममध्ये जा. ती दुसऱ्याच दिवशी जाऊन उभी राहिली. जिमची ट्रेनर म्हणजे तिची मुलगी शोभेल एवढी पोरगी, केस घट्ट बांधलेले, आवाज खणखणीत. तिने खांदा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, डॉक्टरांचा कागद वाचला आणि म्हणाली, "मावशी, आठवड्यातून दोनदा यायचं. सोमवारी आणि गुरुवारी."

"दोनदा? अगं, दोनदाने काय होणार? मी रोज येते. सकाळ-संध्याकाळ येते."

"रोज नाही. तुम्ही नवीन, त्यातून ऑपरेशन झालेलं. दोनदा बास. नीट जमलं तर दोन महिन्यांनी तीनदा करू. पण दोन वेळांच्या मधे एक दिवस तरी मोकळा हवा म्हणजे हवाच."

"मोकळ्या दिवशी काय करू?"

"आराम. थोडं चाला. इथे आपण स्नायूला नुसतं दमवतो, मावशी. तो भरून येतो घरी, आरामाच्या वारी. आणि दुसऱ्या दिवशी खांदा जास्त ठणकला, तर समजायचं की आदल्या दिवशी जास्त झालं. मला येऊन सांगायचं."

काचवालीने मान डोलावली. गंमत बघा, ही बाई स्वतः गिऱ्हाइकांना दम द्यायची, "काच बसवलीय, पण चिकटवलेलं अजून ओलं आहे. उद्यापर्यंत दार आपटलंत तर माझ्याकडे येऊ नका." पण स्वतःच्या खांद्याला तोच नियम लावायची वेळ आली, आणि अक्कल कुठे चरायला गेली कोण जाणे. घरी जाताना तिने हिशेब मांडला. दोनदा करत बसले तर वर्ष जाईल. तोवर पहिलवान दुकानाचा खांब होऊन बसेल. आणि मग तिला सुचलं. ट्रेनरने या जिममध्ये दोनदा या म्हटलंय. बाजारापलीकडच्या दुसऱ्या जिमबद्दल ती कुठे काय बोलली?

म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी ती तिकडे जायला लागली. तिकडच्या ट्रेनरला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांना तिने ऑपरेशनचं सांगितलंच नाही. "जरा आखडलाय खांदा," एवढंच. मास्तर भला माणूस. त्यांनीही दोनदाच यायला सांगितलं आणि दोन्ही हातांत वजन दिलं, डॉक्टरांच्या कागदावर होतं त्याच्या दुप्पट. काचवाली खूश. अशी ती आठवड्यातले चार दिवस घाम गाळायची आणि दोघांना सांगायची, "आराम? हो तर! नुसती लोळत असते."

थोडे दिवस बरं चाललं. मग खांदा बोलायला लागला. आधी वेणी घालताना कळ यायची, मग कपडे वाळत घालता येईनात. संध्याकाळी ती पलंगावर बसून खांदा दाबत राहायची. नवरा यायचा, तिच्याकडे बघायचा, गरम पाण्याची पिशवी भरून आणायचा आणि तिच्या खांद्यावर ठेवून पिशवी सरकू नये म्हणून हाताने धरून बसायचा. पंधरा-पंधरा मिनिटं. हात बोलायचा, तोंड नाही. तिला वाटायचं, एक शब्द बोल रे बाबा. हळू म्हण. शाब्बास म्हण. काहीही म्हण. पाणी थंड झालं की तो उठून जायचा.

एका शुक्रवारी ती मास्तरांच्या जिममध्ये गेली, तर मास्तर तापाने आडवे, आणि त्यांच्या जागी बदली म्हणून कोण उभं? खणखणीत आवाजाची तीच पोरगी. काचवालीची पाचावर धारण बसली. क्षणभर तिला वाटलं, सरळ सांगावं, ती माझी जुळी बहीण.

"मावशी? आज तुमचा आरामाचा वार ना?"

"सहज आले होते. बघायला."

"हातात डंबेल घेऊन?"

ट्रेनरने तिला बाकावर बसवलं आणि हात वर करायला लावला. मागच्या महिन्यात कानापर्यंत जाणारा हात आता खांद्याच्या वर जाईना. पोरगी भडकली. इतकी भडकली, की सायकल मारणारे दोघं पाय थांबवून बघायला लागले. "वेड लागलंय का तुम्हाला? सूज आलीय. परत फाटलं असतं तर? दोन्हीकडचं बंद. सूज उतरली की पुन्हा पहिल्यापासून. दोनदा. आणि एकाच जिममध्ये!" मग तिचा आवाज खाली आला. "एवढी कसली घाई होती, मावशी?"

आणि काचवालीने सांगितलं. काच, पायऱ्या, झोपलेलं कुत्रं, पहिलवान, सगळं. राणी सांगताना तिचं तिलाच ऐकू येईना इतका आवाज बारीक झाला. पोरगी हसली नाही. तिने विचारलं, "दुकानाच्या पुढची ती मोठी काच किती जड असते?" उत्तर ऐकून ती शेजारी बाकावर बसली. "मावशी, मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. वेणी घालाल, डबे काढाल, पुढच्या वर्षी खिडकीची लहान काचही उचलाल. पण तसली मोठी काच या खांद्याने आता नाही. डॉक्टरांना विचारा हवं तर."

काचवाली तिथेच बाकावर बसून रडली. घामाच्या वासात, धडाधड वाजणाऱ्या गाण्यात, पदराने डोळे पुसत. कुणी बघतंय की नाही, याचंही तिला भान नव्हतं.

शनिवारी घर खायला उठलं. नवऱ्याकडे औषधाच्या एका नव्या दुकानाचं काम होतं. पुढच्या भागाला दोन मोठ्या काचा. आजच बसवायच्या होत्या. तिने ठरवलं, जाऊन यायचं. दुरून बघायचं. आपल्या जागी तो दुसरा कसा चालतो, ते एकदा डोळ्यांनी बघून घ्यायचं आणि मनातून सोडून द्यायचं. ट्रेनरने चालायला सांगितलंच होतं.

ती रस्त्याच्या पलीकडे, बंद शटरच्या सावलीत उभी राहिली. समोर, दुकानाच्या जरा अलीकडे हातगाडी थांबली. दोघांनी पहिली काच उचलली, मधे उभी धरली आणि ते दुकानाकडे निघाले. काचवाली बघतच राहिली. पहिलवान सरळ चालत होता. जाड मान ताठ, तोंडात काहीतरी चघळत. आणि उलटा चालत होता तिचा नवरा.

त्याची पाठ दुकानाकडे होती. सदरा घामाने चिकटलेला. पाय उचलायच्या आधी तो टाचेने जमीन चाचपत होता, आंधळ्याने चाचपावी तशी. पहिलवान गप्प. मधेच एकदा "चला, चला" म्हणाला, तेही नवऱ्याला ठेच लागल्यावर. पुढे दुकानाची पायरी होती, चांगली गुडघ्याएवढी, आणि पहिलवानाचं लक्ष रस्त्यावर हॉर्न वाजवणाऱ्या ट्रककडे. नवऱ्याची टाच पायरीपासून वीतभर राहिली.

"थांबा!" काचवाली ओरडली. "पायरी आहे!"

सगळा रस्ता वळून बघायला लागला. नवरा वळला नाही. हातात काच असताना वळायचं नसतं. पण तो जागच्या जागी थांबला, आणि त्याचे खांदे खाली आले, इतके खाली आले की तिला रस्त्याच्या पलीकडूनही दिसलं.

ती मधली वाहनं चुकवत जवळ आली. "उंच आहे हं. डावा पाय आधी. अजून वर. अजून. टेका आता. उजवा. हळू, घाई नाही कुणाला. आत फरशी ओली आहे, जपून. शाब्बास."

काच आत गेली आणि चौकटीला लागली. मग तो बाहेर येऊन पायरीवर बसला. पहिलवान पाणी प्यायला पलीकडे गेला. ती उभीच.

"तुम्ही का उलटे चालता? या वयात? त्याला चालवायचं ना!"

"ती तुझी जागा आहे," तो म्हणाला. "त्याला कशी देऊ?"

ती त्याच्या शेजारी टेकली. तो आपल्या तळहातांकडे बघत होता. आणि मग कुलूपबिलूप काही नसल्यासारखा बोलायला लागला. "काय गं, इतकी वर्षं तू कशी चाललीस? मला तर पहिल्या दिवसापासून भीती वाटते. प्रत्येक पावलाला टाचेने जमीन शोधतो. वाटतं, आता मागे जमीनच नसली तर? रोज वाटतं, घरी जाऊन तुला विचारावं. तुला नव्हती वाटत भीती?"

"नाही."

"कधीच?"

"तुम्ही बोलत होता ना सारखे."

तिने मग कालचं सगळं सांगून टाकलं. दोन जिम, सूज, आणि मोठी काच या हाताने आता कधीच नाही ते. तो ऐकत राहिला. पहिलवान आला, तसा तो उठला, गुडघे झटकले आणि गाडीकडे गेला. तिला वाटलं, झालं, बोलणं संपलं याचं, नेहमीसारखं.

दोघांनी दुसरी काच उचलली. पहिलवानाने नेट लावला, पण समोरून काही हालचाल होईना. नवरा पाठ दुकानाकडे करून, काच पेलून तसाच उभा होता. दंडाच्या शिरा तटतटलेल्या.

"मालक, चला की," पहिलवान म्हणाला.

"तू नुसती धर," नवरा म्हणाला. मग मान जराशी तिच्या बाजूला वळवून, "बोल ना गं. मी थांबलोय."