डिस्चार्ज आहे

सकाळी दवाखान्यातून आलेला फोन थोरल्याने उचलला, तिथेच सगळं बिघडलं. थोरला वकील आहे. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं त्याच्या धंद्यात बसत नाही. तिकडून सिस्टर म्हणाली, "पेशंटला डिस्चार्ज आहे, कुणीतरी लवकर या." पुढेही ती काहीतरी सांगत होती, पण तोवर यानं "थँक्यू" म्हणून फोन ठेवलासुद्धा. लगेच बापाला फोन लावून आनंदाची बातमी दिली आणि मग घरभर नाचला.

अपेंडिक्स फुटून आमचे हे दवाखान्यात पडले होते. ऑपरेशन झालं, टाके पडले, आणि शुद्धीवर आल्यापासून यांचा एकच धोशा, मला घरी न्या. त्यातच एका दुपारी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तोंडावर चादर ओढून नेलं. तेव्हापासून हे खिडकीकडे तोंड करूनच पडून असायचे. म्हणून बातमी ऐकून मलाही घाई झाली, खोटं कशाला सांगू? धुतलेला शर्ट आणि पँट पिशवीत कोंबली आणि निघाले.

अपेंडिक्स एकट्याचं, पण आणायला सगळं बिऱ्हाड. गाडीत थोरला, जावईबापू आणि माझे धाकटे दीर. तिघेही शिकलेले, त्यामुळे रस्ताभर शांतता मिळायची सोय नव्हती.

"कोर्टात डिस्चार्ज म्हणजे काय माहितीये का आई?" थोरला म्हणाला. "आरोपीवर खटला चालवण्याइतकाही पुरावा नाही. बाबा निर्दोष!"

"आमच्याकडे उलटं," जावईबापू म्हणाले. "डिस्चार्ज म्हणजे थेट नारळ." जावईबापू कारखान्यात भरतीचं खातं सांभाळतात. त्यांनी कुणाला भरती केल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. काढतात मात्र झोकात.

भावोजींची सगळी नोकरी धरणावर गेली. निवृत्त झाले तरी घरात कुणी नळ उघडला की त्यांच्या डोळ्यांत चमक येते. "डिस्चार्ज म्हणजे विसर्ग," ते गंभीरपणे म्हणाले. "दरवाजे किती उचलले त्यावर ठरतो. तो मोजावा लागतो, वहिनी."

मग इंग्रजी ही किती समृद्ध भाषा आहे यावर तिघांचं एकमत झालं. मी म्हटलं, एकाच शब्दाकडून इतकी कामं करून घेणाऱ्याला समृद्ध नाही, चिक्कू म्हणतात. माझं कुणी ऐकलं नाही, पण ते नेहमीचंच आहे. तिघांत खऱ्याच्या सगळ्यात जवळ भावोजी होते, हे तेव्हा आम्हाला कुणालाच कळलं नाही.

वॉर्डात पोचलो तर हे भांग पाडून, चपला घालून खाटेच्या कडेवर बसलेले. "कपडे आणलेस?" एवढंच विचारलं. तिघे शहाणे कागदपत्रं करायला काउंटरकडे गेले. मी पडदा ओढला आणि दवाखान्याचा झगा उतरवायला घेतला, तर कमरेपाशी घडी घातलेला टॉवेल खोचलेला. तो काढला. खालची पट्टी पिवळी, ओली झाली होती.

"अहो, हे काय?"

"घाम आहे."

"घामाला असा वास येतो?"

"हळू बोल," हे दातओठ खात म्हणाले. "सिस्टरनं सकाळीच बघितलंय. डॉक्टर यायचेत अजून. तेवढ्यात आपल्या वकिलाचा फोन आला, बाबा, डिस्चार्ज आहे ना? मी म्हटलं, आहे. खोटं बोललो का?"

जन्मभर बॅटऱ्या दुरुस्त केलेला माणूस. कोणता डिस्चार्ज कुठला, हे त्यांना बरोब्बर कळलं होतं. आमच्या अडाणीपणाचा फायदा घेऊन सटकायला निघाले होते. मला हसू यायला हवं होतं, पण त्यांनी माझा हात धरला आणि तो हात तापानं भाजत होता.

"घरी ने मला. इथं ठेवलंस तर त्या शेजारच्यासारखा जाईन. तूच कर पट्टी, काय करायचं ते. पण ने."

संसारात या माणसानं मला हुकूम खूप सोडले. अशी काकुळती कधी केली नव्हती. मी शर्टाची वरची बटणं लावलीसुद्धा. मला त्यांना न्यायचं होतं, अगदी मनापासून. मग बोटं पोटाजवळच्या बटणाशी आली आणि पुढे सरकेनात. मी पडदा बाजूला केला आणि सिस्टरला हाक मारली.

"तूही या दवाखानेवाल्यांतलीच निघालीस," हे म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

सिस्टर आणि कागद नाचवत आलेले आमचे तिघे एकदमच पोचले. "डिस्चार्ज कुणी सांगितला यांना?" तिनं विचारलं.

"तुम्हीच की!" थोरला कडाडला.

"मी म्हटलं, डिस्चार्ज आहे. जखमेला, पू येतोय! डिस्चार्ज दिलाय असं कुठं म्हटलं? अहो, डिस्चार्ज आहे म्हणून तर डिस्चार्ज नाही. हा डिस्चार्ज थांबला, की मग तो डिस्चार्ज."

थोरल्यानं हातातल्या कागदांची घडी करून खिशात सारली. जावईबापू मोबाईलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं बघू लागले. एकटे भावोजी तेवढे सावरून म्हणाले, "पण सिस्टर, साधारण किती आहे?" तिनं उत्तर नजरेनंच दिलं.

डॉक्टरांनी टाके उसवून जखम साफ केली. असेच घरी गेले असते तर विष रक्तात पसरलं असतं, म्हणाले. मी तिघांना घरी पिटाळलं आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिले. यांनी माझ्याशी अबोला धरला. पाणीसुद्धा सिस्टरच्या हातून घ्यायचे, तिला वर गोड हसून. मी रोज येत होते, रोज त्यांची पाठ बघून परत जात होते. राग आला, रडूही आलं, पण ते जिन्यात.

ताप उतरला, जखम सुकली. डॉक्टर तपासून गेले, तेव्हा हे खिडकीकडेच बघत पहिल्यांदा बोलले. "त्या दिवशी एवढं विनवलं तुला. तरी तू मला सोडलं नाहीस."

इंग्रजीला इतकी नावं ठेवली, पण आमचं तरी काय? आपण सुस्कारा सोडतो, नोकरी सोडतो, पाहुण्याला दारापर्यंत सोडतो आणि वेळ आली तर माणूसही सोडतो.

"कुठल्या अर्थानं म्हणताय?" मी विचारलं.

ते हळूहळू कूस बदलून माझ्याकडे वळले आणि सरकून खाटेवर मला बसायला जागा केली.